विश्लेषण : पर्यावरणग्राम सौरदिव्यांवर उभे राहते की पाण्याच्या हिशोबावर?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत नळाला पाणी येण्याचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागतो. त्या दिवशी पिंप, घागरी, बादल्या, गच्चीवरची टाकी सगळे भरून घ्यायचे आणि पुढचा दिवस उजाडेपर्यंत पुरवायचे, ही सवय इथल्या घरांना लागलेली आहे. जुन्या पेठांमधील अनेक कुटुंबांचा एक पाय अजून गावात असतो. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट किंवा मंगळवेढा तालुक्यात कुठेतरी सातबाऱ्यावर नाव, दोन-चार एकर जमीन आणि ती कसणारा भाऊ किंवा वाटेकरी. शहरातल्या धकाधकीला कंटाळून ‘गावी जाऊन साधे, निसर्गाला धरून राहावे’ असा विचार या घरांमध्ये अधूनमधून डोके वर काढतो. समाजमाध्यमांवरील मातीची घरे, सौरपॅनेल आणि सेंद्रिय भाजीचे वाफे पाहून तो आणखी बळावतो. पण असे पर्यावरणग्राम प्रत्यक्षात टिकते कशावर, याची चर्चा क्वचितच होते. सोलापूर जिल्ह्याकडे या प्रश्नाचे अर्धे उत्तर केव्हापासूनच आहे. उरलेले अर्धे शेजारच्या जिल्ह्यात सापडते.

पर्यावरणग्राम म्हणजे नेमके काय?

ही संकल्पना जगभर रुळली ती १९९०च्या दशकात. रॉबर्ट आणि डायन गिलमन या दाम्पत्याने १९९१ मध्ये तिची व्याख्या मांडली. माणसांना एकमेकांची ओळख राहील एवढीच वस्ती, राहणे, काम, करमणूक, अन्न हे सारे तिथेच आणि निसर्गाला इजा न करता दीर्घकाळ चालू शकेल असा व्यवहार, असा तिचा आशय. १९९५ मध्ये स्कॉटलंडमधील फिंडहॉर्न येथे झालेल्या परिषदेनंतर अशा वस्त्यांचे जागतिक जाळे उभे राहिले. भारतात पुदुच्चेरीजवळचे ऑरोविल त्याआधीच, २८ फेब्रुवारी १९६८ रोजी स्थापन झाले होते. पन्नास हजार लोकांसाठी आखलेल्या या नगरात अर्धशतकानंतरही वस्ती काही हजारांपलीकडे गेलेली नाही.

महाराष्ट्राला मात्र ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामात, राहायला गेले तेव्हा त्यांची झोपडी आसपास मिळणाऱ्या साहित्यातून आणि कमी खर्चात बांधावी ही अटच होती. फरक एवढाच की, पाश्चात्त्य पर्यावरणग्राम बहुधा समविचारी लोकांनी नव्याने वसवलेले असते. आपल्याकडे गाव आधीच असते. त्यात भाऊबंदकी असते, जात असते, कारखान्याचे गट असतात आणि बांधावरून चाललेला दावा असतो. कोऱ्या जागेवर आदर्श वस्ती आखणे तुलनेने सोपे. अशा गावाला एका नियमावर आणणे खरे अवघड.

सोलापुरात असा प्रयोग झाला आहे का?

झाला आहे, आणि तो देशभर नावाजला गेला. मोहोळ तालुक्यातील अंकोली येथे अरुण आणि सुमंगला देशपांडे यांनी मुंबई सोडून ‘विज्ञानग्राम’ उभे केले. गावाकडून शहराकडे चाललेला लोंढा उलटा वळवायचा असेल तर शेतावर सन्मानाने जगता येईल एवढे पाणी, ऊर्जा आणि अन्न तिथेच तयार झाले पाहिजे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ‘वॉटर बँक’ म्हणजे पाण्याची बँक ही त्यातली सर्वाधिक गाजलेली कल्पना. पावसाळ्यात पडलेले पाणी शेतातच मोठ्या तळ्यात साठवायचे आणि बँकेतल्या ठेवीसारखे अडीअडचणीला, मोजून वापरायचे.

या प्रयोगामागे एक मराठी परंपरा आहे. श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जाळे विणले. विद्यापीठाच्या शिफारशीची वाट न पाहता शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात प्रयोग करावा, मोजमाप ठेवावे आणि ते इतरांना सांगावे, ही त्यांची पद्धत. तासगावच्या द्राक्षशेतीच्या भरभराटीत या परिवाराचा वाटा मानला जातो. पाच माणसांच्या कुटुंबाची अन्नाची गरज दहा गुंठ्यांत भागू शकते, ही त्यांची मांडणी तेव्हा अनेकांना अतिशयोक्ती वाटली. पण त्यामागे सूर्यप्रकाश, पानांचे क्षेत्रफळ आणि पाणी यांचे साधे गणित होते.

पावसाचे गणित काय सांगते?

हेच गणित सोलापूरला लावून पाहण्यासारखे आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर वर्षभरात पडणारे पाणी होते २२ लाख लिटर. ग्रामीण नळयोजनेच्या माणशी ५५ लिटर या प्रमाणाने पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला एक लाख लिटर लागते. म्हणजे एका एकरावरचा पाऊस, कागदावर तरी, बावीस कुटुंबांच्या घरगुती वापराला पुरेल. ‘सोलापूर म्हणजे पाणीच नाही’ हे वाक्य जितक्या सहज उच्चारले जाते तितके ते खरे नाही.

आता त्याच एकरात ऊस लावा. पाटाने पाणी देणाऱ्या उसाला पूर्ण हंगामात साधारण दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी ८० लाख ते एक कोटी लिटर. साडेतीन ते साडेचार एकरांवर पडणारा पावसाचा थेंब न् थेंब अडवला, काही वाहू दिले नाही, काही उडू दिले नाही, तरच एक एकर ऊस भिजेल. ठिबकने बचत होते, पण गणिताचा कल बदलत नाही. उरलेले पाणी कुठून तरी आणावेच लागते. कालव्यातून, नदीतून किंवा जमिनीच्या पोटातून. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर अग्रभागी आहे आणि तो पर्जन्यछायेतलाही आहे.

याउलट रब्बीची ज्वारी. भाद्रपद-आश्विनात काळ्या रानात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढायची. या भागाची ओळख असलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण स्वातंत्र्यापूर्वी मोहोळच्या संशोधन केंद्रातूनच आला. म्हणजे अंकोलीच्याच तालुक्यातून. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माणसाला भाकरी, जनावराला कडबा आणि विहिरीवर फारसा भार नाही, असे हे पीक. परदेशातील पर्यावरणग्रामे ज्याच्या शोधात असतात ती गोष्ट इथल्या शेतकऱ्याला आजोबांपासून ठाऊक आहे.

मग तो ऊस का लावतो? कारण उसाचा रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने ठरतो, तोड झाल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर असते आणि थकबाकी झाली तर मोर्चा नेण्यासाठी समोर एक फाटक तरी असते. ज्वारीचाही हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण त्या भावाने माल उचलण्याची तशी खात्री नाही. काढणीला मजूर मिळत नाहीत, पाखरे राखायची कोणी, हा प्रश्न वेगळाच. शेतकऱ्याला अडाणी ठरवून हा विषय संपत नाही. तो त्याच्या बाजूने बरोबर हिशोब करत असतो. फक्त त्या हिशोबात भूजलाची किंमत शून्य धरलेली असते.

मग शेततळी झाली, तरी पाणी का टिकले नाही?

पाण्याच्या बँकेची कल्पना पुढे सरकारी योजनेच्या रूपाने गावोगावी पोहोचली असे वरवर पाहता वाटेल. २०१६ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. पावसाचे वाहून जाणारे पाणी शेतात अडवावे आणि खंड पडला की पिकाला एक-दोन पाणी द्यावे, हा तिचा हेतू रास्तच होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर टाकून ही तळी विहिरीतून आणि बोअरमधून उपसलेल्या पाण्याने भरली गेली. पावसाळ्यात भूजल वर असताना ते उपसून उघड्यावर साठवायचे आणि उन्हाळ्यात डाळिंबाला, द्राक्षाला किंवा उसाला द्यायचे. बँकेत ठेव जमा करण्याऐवजी सगळ्यांच्या सामाईक खात्यातून रक्कम काढून स्वतःच्या तिजोरीत ठेवण्याचा हा प्रकार झाला.

त्यात तोटा दुहेरी असतो. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, उताराच्या कडा असलेल्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. योगायोगाने एक एकरावरच्या वार्षिक पावसाइतकेच. सोलापूरच्या उन्हात पावसाळा सरल्यापासून मे अखेरपर्यंत त्यातले मीटरभर पाणी तरी सहज उडून जाते. म्हणजे आठ लाख लिटरच्या आसपास, साठ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक. जमिनीत असते तर हे पाणी सावलीत राहिले असते. शेजारच्या विहिरीलाही त्यातला वाटा मिळाला असता.

तंत्र चांगले असूनही वापर उलटा का झाला, याचे उत्तर अंकोलीच्या प्रयोगाच्या मर्यादेतच आहे. एका कुटुंबाने स्वतःच्या शेतावर घातलेली शिस्त बांधापलीकडे लागू होत नाही. तुम्ही पाणी मुरवले आणि शेजाऱ्याने पाचशे फूट बोअर घेतले, तर तुमची ठेव त्याच्या खात्यावर जाते. हे अंकोलीचे अपयश म्हणता येणार नाही. प्रयोग हा प्रयोग असतो आणि काय शक्य आहे ते त्याने दाखवून दिले. पण प्रयोगाचे शेत आणि पर्यावरणग्राम यांत जे अंतर आहे, ते सौरपॅनेल वाढवून कापता येत नाही.

हिवरे बाजारने वेगळे काय केले?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला सोलापूरपेक्षाही कमी, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दारू, भांडणे आणि स्थलांतर यांसाठी ओळखले जाई. पुढच्या काळात पाणलोटाची कामे झाली, डोंगरावर चर खोदले गेले, झाडे लागली. अशी कामे राज्यातील शेकडो गावांत झाली आहेत आणि त्यांतली बरीचशी गाळाने भरून गेली आहेत. हिवरे बाजारचा वेगळेपणा कामांनंतरच्या नियमांत आहे. आदर्श गाव योजनेची चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी ही सूत्रे गावाने स्वीकारलीच. शिवाय शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, बाहेरच्याला जमीन विकायची नाही, हे ग्रामसभेत ठरवले आणि पाळले.

पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पडले, विहिरींची पातळी कुठे आहे, माणसे आणि जनावरांना किती लागेल ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिके त्या वर्षी घ्यायची नाहीत. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली ती या खात्रीमुळे. आपल्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी असेल हे माहीत असल्याशिवाय मुंबई-पुण्यातली नोकरी कोणी सोडत नाही. पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यानंतर या गावाला भेट देणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या. नियमांची नक्कल करणारी गावे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत.

या यशावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : हे सारे एका नेत्यावर अवलंबून आहे. आक्षेपात तथ्य आहे. तरीही बोअर न घेण्याचा नियम तीन दशकांनंतर टिकून असेल, तर त्यामागे केवळ धाक असू शकत नाही. नियम पाळल्याचा फायदा दर उन्हाळ्यात प्रत्येकाला स्वतःच्या विहिरीत दिसतो, हे कारण अधिक पटणारे आहे.

सरकारने ‘इको-व्हिलेज’ योजना आणली होती, तिचे काय?

ग्रामविकास विभागाने २०१० मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना सुरू केली. ‘इको-व्हिलेज’ हा शब्द तेव्हाच ग्रामपंचायतींच्या फलकांवर आला. निकषांचा भर लोकसंख्येच्या प्रमाणात झाडे, हागणदारीमुक्ती, करवसुली, प्लास्टिकबंदी, सौर पथदिवे, घनकचरा यांवर होता. २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियानात गुणांकनाची पद्धत आली. यातले काहीच वाईट नाही. गल्ली स्वच्छ असणे ही सुधारणाच. पण मोजायला सोपे ते निकष झाले आणि भांडण लावणारा विषय, म्हणजे कोणी किती उपसायचे, तो कडेला राहिला. कमानीवर ‘समृद्ध ग्राम’ आणि एप्रिलमध्ये कमानीखाली टँकर, हे दृश्य मग अशक्य राहत नाही.

गावाला असा नियम करण्याचा अधिकार आहे का?

इथे दोन टोके पाहण्यासारखी आहेत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही अशी पद्धत रुजवली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०१३ मध्ये राज्याच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेत शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. तिथे नियमाला कायद्याचे बळ आहे आणि लोकांची संमतीही आहे.

दुसरे टोक सोलापुरातच आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेकडो गावे, शेते, रस्ते सारे आले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आले आणि वर्षानुवर्षे ‘आमच्या जमिनीवर पाखराचा बोजा’ अशी भावना धुमसत राहिली. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. माळराने तोवर नांगराखाली आणि उसाखाली गेली होती आणि माळढोकही दिसेनासा होत गेला. जमीन विकण्यावर बंधन हिवरे बाजारातही आहे. तिथे गावाने ते स्वतः घातले, इथे ते एका अधिसूचनेतून आले.

पाण्याबाबत कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा आहे आणि २०१४ पासून तो लागू आहे. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. अधिसूचित क्षेत्रात पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीक नियोजनाची तरतूदही आहे. दोनशे फुटांची ही मर्यादा सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही बोअर मशीनवाल्याला सांगून पाहावी. तो हसेल. ग्रामसभा ठराव करू शकते, पण रात्री येऊन पहाटे निघून जाणारी गाडी ठरावाच्या कागदाने थांबत नाही. ती थांबते तेव्हा गावातले चार लोक रस्त्यात उभे राहिलेले असतात. कायद्याने या चौघांच्या मागे उभे राहायला हवे. सध्या तो कपाटात आहे.

शहरातून परतणाऱ्याच्या वाट्याला काय येते?

पर्यावरणग्रामातले जगणे चित्रात शांत दिसते, प्रत्यक्षात ते कामाने भरलेले असते. गोबरगॅसला रोज शेण कालवावे लागते, कंपोस्टचा खड्डा वेळेवर उपसावा लागतो, ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात, बियाणे जपून ठेवावे लागते. या कामांतला मोठा वाटा घरातल्या बाईकडे जातो. मिक्सर आणि गॅस सोडून जाते-चूल यांकडे वळण्याचे कौतुक करणाऱ्यांनी चुलीपुढे कोण बसणार आहे ते आधी सांगावे. शाळा, दवाखाना आणि रात्री-बेरात्री मिळणारी गाडी नसेल, तर हवा कितीही शुद्ध असली तरी तरुण कुटुंब दोन वर्षांत परत पेठेत दिसते.

याहून महत्त्वाचे एक कारण आहे. ‘खेड्याकडे परत’ हे आवाहन सर्वांना सारखे ऐकू येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली होती. स्थानिक संकुचितपणा आणि अज्ञान यांचे ते घर आहे, हा तिचा रोख. सोलापुरात जुनी मिल उभी राहिली ती १८७०च्या दशकात, आणि त्याच दशकात १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. गिरणीच्या भोंग्याने गावातून ओढून आणलेल्यांत जसे भुकेने निघालेले होते, तसेच गावकुसाबाहेरून निघालेलेही होते. त्यांच्या नातवंडांसाठी शहर म्हणजे गर्दी आणि धूर एवढेच नसते. आडनाव न विचारता पाणी भरू देणारा नळही शहरातच भेटला होता. त्यामुळे पाण्याच्या ताळेबंदाला बसलेल्या ग्रामसभेत भूमिहीनांचे, वाटेकऱ्यांचे आणि बायकांचे मत मोजले जाते का, हा प्रश्न पर्यावरणाच्या बाहेरचा ठरवता येणार नाही. ज्याची विहीरच नाही त्याला पाण्याच्या बचतीत काय मिळणार, हे ठरवल्याशिवाय त्याच्याकडून श्रमदानाची अपेक्षा करणे म्हणजे जुनी वेठ नव्या नावाने आणणे होय.

यात शुक्रवार पेठेचा संबंध काय?

थेट आहे. सोलापूर शहर प्यायला पाणी घेते ते प्रामुख्याने उजनीतून. या धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या आसपास असली तरी त्यातला निम्म्याहून अधिक, ६३ टीएमसीहून जास्त भाग मृतसाठा आहे. म्हणूनच ‘उजनी वजा किती?’ हा प्रश्न फक्त सोलापूरकरांनाच कळतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा ५९ टक्क्यांच्या आसपास गेली होती. जलवाहिनीने येणाऱ्या पाण्याखेरीज शहरासाठी भीमेच्या पात्रातूनही पाणी सोडले जाते. वाटेत ते जमिनीत मुरते, उडते, मोटारींनी उपसले जाते. शहराला मिळते त्याच्या कितीतरी पट अधिक पाणी धरणातून सोडावे लागते. नदीकाठच्या उसाला ते लाभते, पेठेतल्या नळाला पाळी येते.

पेठेच्या स्वतःच्या छपरांचा हिशोबही मांडता येतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षात सुमारे ५१ हजार लिटर पाऊस पडतो. वीस टक्के वाया गेला असे धरले तरी ४१ हजार लिटर उरतात. शहरी प्रमाणाच्या माणशी १३५ लिटर दराने पाच जणांना ते साठ दिवस पुरतील. ज्या शहराची ओळख सिद्धरामेश्वरांच्या तळ्याशी जोडलेली आहे, त्याला पाणी अडवणे नव्याने शिकवावे लागू नये. जुन्या वाड्यांत आड होते. त्यांतले बरेच बुजवले गेले, काहींवर फरशी आली. ते पुन्हा उघडून गच्चीचे पाणी त्यात सोडणे, हे मातीचे घर बांधण्यापेक्षा स्वस्तात होणारे काम आहे. ताटातली गोष्टही तशीच. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाकिटातून पुण्या-मुंबईला जाते. त्या भाकरीची ज्वारी जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून, आधी ठरवलेल्या भावाने घेण्याची व्यवस्था बचतगट आणि व्यापारी यांनी उभी केली, तर ज्वारीला उसासारखे नाही तरी निदान एक दार मिळेल.

राहिला तो सातबारा. वर्षात चार ठरलेल्या ग्रामसभांपैकी २ ऑक्टोबरची सभा पावसाळा सरतानाची. विहिरी भरलेल्या असतात, ज्वारीची पेरणी चालू असते आणि उसाची नवी लागण करायची की नाही हे ठरायचे असते. पाण्याचा ताळेबंद विषयपत्रिकेवर घ्यायला मुंबईहून कोणाच्या मंजुरीची गरज नाही. अडचण वेगळीच आहे. पेठेत राहणाऱ्या जमीनमालकाचे नाव शहराच्या मतदारयादीत असते, त्यामुळे गावच्या ग्रामसभेत त्याला मत नाही. त्याच्या नावावरची मोटार मात्र तिथे चालू असते. गावाने उद्या बोअरबंदीचा ठराव केला तर पहिला फोन वाटेकऱ्याचा नव्हे, शुक्रवार पेठेतून येण्याची शक्यता जास्त. तो फोन ‘आमचे बोअर तेवढे होऊ द्या’ असे सांगतो की ‘आमचेही बंद धरा’ असे, यावर त्या गावातला पुढचा उन्हाळा ठरेल.